रतनगड ते हरिश्चंद्रगड एकट्याने : प्रवरेपासून मुळेपर्यंतच्या वाटेवर निघण्याआधी हे वाचा

देवळाली प्रवरा : राहुरी तालुक्याची शेती ज्या दोन नद्यांवर उभी आहे, त्या प्रवरा आणि मुळा अकोले तालुक्यातल्या एकाच डोंगराळ पट्ट्यात उगम पावतात. प्रवरा रतनगडाच्या परिसरात, तर मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात. या दोन गडांना जोडणारी कात्राबाई खिंडीची वाट ट्रेकर्समध्ये प्रसिद्ध आहे. तंबू पाठीवर टाकून या वाटेने एकट्याने निघणारेही असतात. पण सोबत कोणी नसेल, तर साधा पाय मुरगळणेही जिवावर बेतू शकते. नेमकी काळजी काय घ्यायची, जाणून घेऊया.

वाट कशी आहे?

देवळालीकरांना संगमनेर, अकोले, राजूरमार्गे भंडारदरा गाठता येते. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या जलाशयापलीकडे रतनवाडी आहे. येथील अमृतेश्वर मंदिर पाहून रतनगड चढायचा. पुढे कात्राबाई खिंड, कुमशेत आणि पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड. साधारण दोन ते तीन दिवस आणि किमान दोन मुक्काम धरून चालावे. खिंडीच्या दोन्ही बाजूंना दाट जंगल आहे. गुरांच्या वाटा फुटत असल्याने चुकण्याची शक्यता इथेच जास्त. पहिल्यांदाच जात असाल, तर किमान खिंडीपर्यंत स्थानिक वाटाड्या घ्या.

परवानगी लागते का?

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात येतो. १९८६ मध्ये ते घोषित झाले. त्यामुळे तंबू कुठेही ठोकता येत नाही. मुक्कामाचे सध्याचे नियम वनविभागाकडे आधी विचारून घ्या आणि नाक्यावर नोंद करा. तुम्ही आत गेल्याचा तो पहिला लेखी पुरावा असतो. जंगलात बिबट्याचा वावर असल्याने उरलेले अन्न तंबूबाहेर टाकू नका.

कोणत्या दिवसांत जावे?

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात एकट्याने जाणे टाळाच. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून आलेला सहा जणांचा गट हरिश्चंद्रगडावर धुके आणि पावसात वाट चुकला. त्यातल्या एकाचा मृत्यू झाला. सहा जण असताना ही वेळ येते, तर एकट्याचे काय, याचा विचार करावा. उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न असतो, गडावरच्या सगळ्याच टाक्यांचे पाणी पिण्याजोगे राहत नाही.

थंडी किती असते?

उंची १००० मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते. देवळाली प्रवरा समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर, तर हरिश्चंद्रगड १४२४ मीटरवर. म्हणजे घरी पहाटे १२ अंश असतील, तर गडावर ६ अंशांच्या आसपास. त्यात वारा आणि घामाने ओले कपडे असतील, तर शरीरातली उष्णता झपाट्याने कमी होते. कपड्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. तो फक्त झोपण्यासाठीच वापरा.

रेंज नसेल तर मोबाइल कामाचा का?

हो. जीपीएस थेट उपग्रहांकडून सिग्नल घेते, त्याला नेटवर्क लागत नाही. नेटवर्क लागते ते नकाशा डाउनलोड करायला. म्हणून नकाशा घरीच उतरवून ठेवा. रेंज नसलेल्या भागात फोन सतत टॉवर शोधतो आणि बॅटरी संपवतो, त्यामुळे तो एअरप्लेन मोडवर ठेवा. मात्र खोल घळीत लोकेशन चुकू शकते.

वाट चुकलात तर?

आधी थांबा. ओळखीच्या शेवटच्या खुणेपर्यंत मागे फिरा. ‘ओढा धरून उतरले की गाव येते’ हा समज सह्याद्रीत घातक आहे. इथला बेसॉल्ट पायऱ्यापायऱ्यांनी तुटलेला असल्याने ओढा अनेकदा थेट कड्यावरून खाली पडतो. अंधार पडत असेल, तर कड्यापासून दूर, आडोशाला बसून रात्र काढा. एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा शिट्ट्या. हा मदतीचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. रात्री बॅटरीच्या उजेडाने तोच संकेत देता येतो.

मदत कोण करते?

११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या नेटवर्कवरून तो लागू शकतो. डोंगरातील बचावासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरची ७६२०२३०२३१ ही हेल्पलाइन आहे. प्रत्यक्षात सर्वात आधी धावून येतात ते पायथ्याच्या गावातले लोक. म्हणून रतनवाडीत आणि कुमशेतमध्ये कोणाला तरी सांगून पुढे जा.

निघण्याआधीचे शेवटचे काम

घरच्या एका माणसाकडे कागद द्या : कोणती वाट, मुक्काम कुठे, पाचनईला कधी उतरणार आणि किती वाजेपर्यंत फोन न आल्यास मदत मागायची. ही शेवटची वेळ सर्वात महत्त्वाची. ती लिहिलेली नसेल, तर घरचे ‘रेंज नसेल’ म्हणून वाट पाहत राहतात आणि शोध एक दिवस उशिरा सुरू होतो. एकट्याने जाणाऱ्याला तो एक दिवस परवडत नाही. आणि हो, सुखरूप उतरलात की पहिला फोन त्याच माणसाला करा.