वर्गातली बाई गप्प का झाली?

रायपूरजवळचे उरला म्हणजे लोखंड-पोलादाच्या कारखान्यांचा परिसर. भट्ट्या, रोलिंग मिल, दिवसपाळी-रातपाळी आणि भोवती कामगारांच्या वस्त्या. अशा वस्तीतल्या साक्षरता वर्गाला येणारी बाई घरचे सगळे आवरून, नवऱ्याची पाळी बघूनच येते. कालपर्यंत हसतखेळत स्वतःचे नाव गिरवणारी ती एक दिवस गळ्याभोवती पदर घट्ट ओढून बसते, घड्याळाकडे पाहत राहते. विचारले तर ठरलेले उत्तर, "नळावर पाय घसरला." पाय इतक्या वेळा घसरत नाही, हे शिकवणाऱ्या ताईला कळते. पण पुढे काय करायचे?

एक तर चारचौघींत विचारू नये. वर्गातल्या बायका एकाच वस्तीतल्या. संध्याकाळपर्यंत बोलणे घरी पोचते. वही तपासायच्या निमित्ताने तिला मागे थांबवावे आणि सरळ विचारावे, "घरी कुणी मारतं का?" ती नाही म्हणाली तर विषय तिथेच सोडावा. आज नाही म्हणणारी पुढे कधीतरी आपणहून बोलू शकते. बोललीच, तर "तू काय केलंस?" आणि "जरा सांभाळून घे" ही दोन वाक्ये ताईने गिळून टाकावीत. ती तिने माहेरी-सासरी पुष्कळ ऐकलेली असतात.

मोठी चूक करतात ती चांगल्या मनाची माणसेच. ती नवऱ्याला जाब विचारायला जातात! ताई तासाभराने आपल्या घरी परतते. त्या बाईला मात्र रात्र त्याच खोलीत काढायची असते. कित्येकदा भांडणाचे निमित्त वर्गच असतो. बायकोला पासबुकातली रक्कम वाचता येऊ लागली, हेच काही नवऱ्यांना खुपते. अशा वेळी वही-पुस्तक वर्गातच ठेवू द्यावे, घरचा अभ्यास देऊ नये, पाळी बघून वेळ बदलावी. ती दोन-तीन दिवस आली नाही, तर विश्वासातल्या शेजारणीला सहज डोकावायला सांगावे.

आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता वर्गांनीच मोठी उलथापालथ घडवली होती. बायकांनी एकजुटीने दारू बंद पाडल्याची गोष्ट वाचनपाठात होती. ती वाचून दुबागुंटा गावच्या बायकांनी तेच केले. १९९२ मध्ये आंदोलन पेटले आणि १ ऑक्टोबर १९९३ पासून राज्यात देशी दारूवर बंदी आली. पण तिथे सारे गाव एकत्र उठले होते. एकटीला असा आधार नसतो. तिला हवी असते नेमकी माहिती.

अंक शिकवताना १८१ हा महिला मदतीचा क्रमांक सगळ्या वर्गाकडूनच लिहून घ्यावा, म्हणजे कुणा एकीकडे बोट दाखवले जात नाही. जिवावर बेतले तर ११२. देशातले पहिले 'सखी' केंद्र १६ जुलै २०१५ रोजी रायपुरातच सुरू झाले. उपचार, पोलिसांची मदत, कायद्याचा सल्ला आणि तात्पुरता निवारा या केंद्राच्या आधाराने मिळू शकतो. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. केवळ मारहाणच नव्हे, तर घालूनपाडून बोलणे, खर्चाला पैसे न देणे हेही त्यात येते. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी तिचा तिथे राहण्याचा हक्क जात नाही. संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही कळवू शकते, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्यासाठी कारवाई होत नाही. तरीही जिवाचा धोका नसेल, तर तिला विचारल्याखेरीज ताईने हे पाऊल उचलू नये. घर तिचे आहे, परिणामही तिलाच भोगायचे असतात.

कागदांचे काम ताईला चांगले जमते. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या झेरॉक्स घराबाहेर सुरक्षित ठेवायला तिला मदत करावी. दवाखान्यात गेली तर तारीख असलेली चिठ्ठी मागून घ्यायला सांगावे. आणि लिहिता येऊ लागले की वर्गाच्या कपाटातल्या वहीत तिनेच नोंद करावी: तारीख, वेळ, काय झाले, कुणी पाहिले. अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल.