हेजहॉगवर मशीनगन चालवू नये!

ब्रिटनमध्ये हेजहॉगवर मशीनगनमधून गोळ्या झाडणं हा गुन्हा आहे. आरशाने त्याचे डोळे दिपवून त्याला मारणं, गॅस किंवा धूर सोडणं, विजेचा झटका देणं, टेपवर आवाज लावून त्याला फसवून बोलावणं, त्याच्यामागे मोटार पिटाळणं, हेही सगळे गुन्हेच. मुठीत मावेल अशा पिल्लांच्या, नाकतोडे आणि गांडुळं खाणाऱ्या या जनावराविरुद्ध मशीनगन घेऊन कोण निघालं होतं, ते कायदा सांगत नाही. १९८१ च्या ‘वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्ट’च्या सहाव्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, आणि त्या अनुसूचीतल्या सगळ्याच प्राण्यांना ही यादी सरसकट लागू होते.

गंमत इथे संपते. सहाव्या अनुसूचीत मनाई आहे ती हत्याराला, हत्येला नाही. पाचव्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारणं, जखमी करणं, पकडणं आणि त्याचं बीळ किंवा घरटं मोडणं, या सगळ्यालाच बंदी असते. वटवाघूळ पाचवीत आहे, पाणमांजर पाचवीत, लाल खारही पाचवीत. हेजहॉग सहावीतच. म्हणजे आरसा नको, मशीनगन नको. पण कुंपणाच्या झुडपांत तो पाला गुंडाळून झोपलेला असताना तिथे जेसीबी घातला, तर हा कायदा हू की चू करत नाही. ‘सहावीतून पाचवीत’ ही तिथल्या प्राणिप्रेमींची जुनी मागणी आहे. खाली उतरण्यासाठी एवढी खटपट करणारा विद्यार्थी दुसरा नसेल.

हा साळिंदर नव्हे

फोटो बघून आपल्याकडे बहुतेक जण ‘साळिंदराचं पिल्लू’ म्हणतात. साळिंदर कुरतडणारा, उंदराच्या गोतातला. हेजहॉगचं नातं चिचुंद्रीशी जास्त जवळचं. अंगावर पाच ते सात हजार काटे, नजर अधू, नाक मात्र तल्लख. रात्रीत एक-दोन किलोमीटर सहज भटकतो. पोहतो, भिंतीवरही चढतो. जन्मताना पिल्लाचे काटे फुगलेल्या कातडीखाली दडलेले असतात आणि काही तासांत वर येतात. आईच्या सोयीचा एवढा विचार निसर्गाने क्वचितच केला असेल. थंडीत तो निद्रिस्त होतो, तेव्हा मिनिटाला सुमारे १९० वेळा धडधडणारं काळीज २० वर येतं.

भारतातही त्याचे भाऊबंद आहेत. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या रानात काही, तमिळनाडू-आंध्रात ‘मद्रास हेजहॉग’. पण आजची गोष्ट त्यांच्या विलायती चुलतभावाची.

एक हेजहॉग = सहा उंदीर

१५६६ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात, धान्यरक्षणाचा कायदा झाला. नासाडी करणाऱ्या जनावरांची मुंडकी आणा आणि चर्चच्या कारभाऱ्यांकडून पैसे घ्या, अशी योजना. दर ठरलेले होते. मोठे उंदीर तीन किंवा लहान बारा, एक पेनी. हेजहॉग एक, दोन पेन्स. बिचारा धान्य खात नाही, उलट शेताचे किडे खातो. मग गुन्हा कोणता? तर रात्री गोठ्यात शिरून गाईंचं दूध पितो, ही लोकांची पक्की समजूत!

खरं तर दूध त्याला पचतच नाही. कहर म्हणजे पुढे प्रेम उतू जायला लागलं, तेव्हा लोकांनी बागेत त्याच्यासाठी दूध-पावाच्या बशा मांडल्या. आधी दुधाच्या चोरीसाठी मारला, मग दूध पाजून जुलाब लावले.

मेजरसाहेब आणि खड्ड्यातला कैदी

इंग्लंडच्या खेड्यांत रस्त्यावर ‘कॅटल ग्रिड’ असतात. आडव्या सळ्या आणि खाली खड्डा. गाडी जाते, गुरं अडतात. हेजहॉग मात्र सळ्यांमधून खाली पडतो आणि उपाशी मरतो. श्रॉपशायर परगण्यातले काउन्सिलर मेजर एड्रियन कोल्स यांना असाच एक अडकलेला सापडला. त्यांनी त्याला काढलं आणि तेवढ्यावर न थांबता परगण्यातल्या ग्रिडच्या खड्ड्यांत चढून येण्यासाठी उतार बसवण्याचा आग्रह धरला. बातमी पसरली, पत्रांचा पाऊस पडला, आणि १९८२ मध्ये ‘ब्रिटिश हेजहॉग प्रिझर्व्हेशन सोसायटी’ उभी राहिली. कायदा बदलायला निघालेल्या मंडळींत आज ती आघाडीवर आहे.

या संस्थेची दुसरी लढाई आइस्क्रीमशी झाली. मॅकडोनल्ड्सच्या मॅकफ्लरीच्या कपाचं झाकण असं होतं की उरलंसुरलं गोड चाटायला गेलेल्या हेजहॉगचं डोकं आत जायचं आणि काट्यांमुळे बाहेर निघायचं नाही. काही वर्षं पाठपुरावा केल्यावर २००६ मध्ये कंपनीने झाकणाचं तोंड लहान केलं. आइस्क्रीमवाले बदलले, कायदा जागचा हलला नाही.

पाकिटात हेजहॉग नाही, ही फसवणूक!

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वेल्समधल्या एका पबमालकाने ‘हेजहॉगच्या चवीचे’ वेफर्स काढले. हेजहॉग भाजून खाण्याची रीत जुन्या रोमानी भटक्यांत होती. त्यांनाच विचारून मसाला ठरवला म्हणे. ग्राहकहित बघणारं सरकारी खातं मागे लागलं. आक्षेप असा की यात हेजहॉग कुठे आहे? प्रकरण शेवटी लेबलावरच्या शब्दांत किरकोळ फेरफार करून मिटलं.

संसदेत तेरा मिनिटं

नोव्हेंबर २०१५. प्लिमथचे खासदार ऑलिव्हर कोलव्हिल यांनी संसदेत हेजहॉगचा विषय काढला. त्याला राष्ट्रीय मानचिन्हाचा मान द्या, असं त्यांचं म्हणणं. उत्तराला उभे राहिले मंत्री रोरी स्टुअर्ट. १५६६ नंतर सभागृहात हेजहॉगवर प्रथमच बोललं जातंय, असं सांगून त्यांनी शेक्सपिअरपर्यंत फेरफटका मारला आणि तेरा मिनिटांचं झकास भाषण ठोकलं. शेवटी नकारच दिला. संकट आलं की अंगाचं गाठोडं करणारा आणि हिवाळाभर झोपणारा प्राणी देशाचं चिन्ह कसा चालेल? त्यापेक्षा सिंहच बरा! ब्रिटनच्या जंगलात सिंह नाही, ही अडचण कुणाला वाटली नाही.

२०२१ मध्ये माजी मंत्री ख्रिस ग्रेलिंग यांनी पर्यावरण विधेयकात दुरुस्ती सुचवली. पाचव्या अनुसूचीत ‘हेजहॉग’ एवढा शब्द घाला, बस्स. ती मंजूर झाली नाही. (याच ग्रेलिंग यांनी वाहतूकमंत्री असताना २०१९ मध्ये हेजहॉगचं चित्र असलेला रस्त्यावरचा इशाराफलक आणला होता.)

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. हेजहॉगला मुद्दाम कोणी मारत नाही. तो मरतो गाड्यांखाली, कीटकनाशकांनी, झुडपांची कुंपणं उखडल्याने. मग मारण्यावर बंदी घालून काय साधणार? यावर मोहीमवाल्यांचं उत्तर मला जास्त पटतं. पाचव्या अनुसूचीत निवाराही राखला जातो, त्यामुळे बिल्डरला जमीन साफ करण्याआधी वाकून बघावं लागेल. तेवढंच हवंय.

वैऱ्याला मात्र स्वतंत्र कायदा

हेजहॉगचा गोळा उलगडून खाऊ शकणारा प्राणी ब्रिटनमध्ये मुख्यतः एकच, तो म्हणजे बॅजर. लांब, दणकट नखं आणि गांडुळांवरही दोघांचा एकच डोळा. या बॅजरसाठी १९९२ चा स्वतंत्र कायदा आहे, बिळासकट संरक्षण देणारा. बॅजरचाही छळ झाला होता, त्याचा कायदा हवाच होता. पण खाणाऱ्याचं घर शाबूत आणि खाल्ल्या जाणाऱ्याचं वाऱ्यावर, हा न्याय काही औरच.

आकडे, थोडक्यात

२०२० च्या ब्रिटिश सस्तन प्राण्यांच्या लाल यादीत हेजहॉग ‘असुरक्षित’ ठरला. २०२२ च्या अहवालानुसार २००० पासून ग्रामीण भागातली संख्या ठिकठिकाणी ३० ते ७५ टक्क्यांनी घटली. शहरांत मात्र घसरण थांबल्याची चिन्हं आहेत. शेतापेक्षा त्याला गल्लीबोळातली बाग मानवते! २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीतही तो एक पायरी खाली आला.

करायला गेले गणपती...

हेजहॉग सगळीकडेच गरीब गाय नाही. १९७४ मध्ये स्कॉटलंडच्या साउथ यूस्ट बेटावर बागेतल्या गोगलगायी खायला मूठभर हेजहॉग आणून सोडले. बेटावर शत्रू कोणी नाही. हजारोंची फौज झाली आणि तिने जमिनीवर घरटी करणाऱ्या टिटव्यांसारख्या पक्ष्यांची अंडी फस्त करायला सुरुवात केली. २००३ मध्ये सरकारी संस्थेने त्यांना मारायला घेतलं. प्राणिमित्र धावले. जिवंत हेजहॉग आणून द्या आणि पैसे घ्या, अशी हाक बेटकऱ्यांना दिली. एके काळी मुंडक्याला दोन पेन्स मिळत होते, आता जिवंताचा भाव फुटला. २००७ पासून मारणं थांबलं आणि हेजहॉग मुख्य भूमीवर रवाना होऊ लागले. तेव्हा कायदा कडक करताना अशा बेटांसाठी परवान्याची फट ठेवावीच लागेल.

सोळा वर्षांचा थोरवाल्ड

डेन्मार्कमध्ये नागरिकांनी जमवलेल्या मृत हेजहॉगांच्या जबड्याच्या हाडांतली वलयं मोजली, तर एक नर १६ वर्षांचा निघाला. नाव ठेवलं थोरवाल्ड. आजवर नोंदलेला हा सर्वांत म्हातारा. हे संशोधन करणाऱ्या सोफी लुंड रासमुसेन यांनी गवत कापणारे रोबोही तपासले. काही यंत्रांना हेजहॉग आडवा आलेला कळतच नाही. रात्र झाली की हा बाहेर पडतो आणि तेव्हाच बागेत यंत्र सुरू असतं. जर्मनीतल्या कोलोन शहराने २०२४ मध्ये रात्री असे रोबो चालवायला बंदी केली.

१३ सेंटिमीटरचा महामार्ग

कुंपणाच्या तळाशी १३ बाय १३ सेंटिमीटरचं भोक. २०११ पासून ‘हेजहॉग स्ट्रीट’ मोहीम एवढंच मागते. ऑक्सफर्डशायरच्या किर्टलिंग्टन गावाने तर घरोघरच्या बागा अशा भोकांनी जोडून हेजहॉगांसाठी चिमुकल्या पायऱ्याही बांधल्या. डिसेंबर २०२४ मध्ये इंग्लंडच्या नियोजन धोरणात हेजहॉगचं नाव आलं. नव्या बांधकामात त्याच्यासाठी सोय करावी, असं त्यात म्हटलंय. पण हे धोरण झालं. अनुसूची सहावीच.

लेस्टर, स्लाव किंवा लंडनला तुमची मुलगी, भाचा, मित्र राहत असेल, तर हे त्यांना कळवा. बागेत दूध-पाव नको, उथळ बशीत पाणी ठेवा. शेकोटी पेटवण्याआधी लाकडांचा ढीग हलवून बघा. कुंपणाला शेजाऱ्याच्या संमतीने एक भोक पाडा. आणि ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, पासपोर्ट आपलाच असला तरी. तेव्हा आपल्या खासदाराला एक पत्र लिहा: हेजहॉगला सहावीतून पाचवीत घाला.