कार्डिनिया पार्क : जिलाँगकरांनी न सोडलेले मैदान

ऑस्ट्रेलियातील क्रीडांगण म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे मेलबर्नचे एक लाख प्रेक्षकांचे प्रचंड मैदान उभे राहते, नाही तर सिडनीचे. क्रिकेटच्या कृपेने ही नावे त्यांना स्वतःच्या तालुक्याच्या गावाइतकी परिचित असतात. परंतु क्रीडांगणाचा खरा इतिहास वाचावयाचा असेल तर राजधानीपेक्षा बाजूच्या शहरात जावे, असे आम्हांस वाटते. राजधानीच्या मैदानाला पैसा आणि प्रेक्षक आपोआप मिळतात. लहान शहराला मात्र आपले मैदान राखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या खटपट करावी लागते. अशाच एका मैदानाची हकीगत आज आम्ही सांगणार आहोत.

मेलबर्नच्या नैर्ऋत्येस सुमारे 75 किलोमीटरवर, कोरायो उपसागराच्या काठी जिलाँग हे बंदर वसले आहे. ही भूमी मूळची वाडावुरुंग लोकांची. ‘कार्डिनिया’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतील असून त्याचा अर्थ ‘सूर्योदय’ असा सांगतात. युरोपीय वसाहतीनंतर जिलाँग लोकरीच्या व्यापारावर वाढले. 1925 साली तेथे फोर्ड कंपनीने मोटारी बांधण्यास आरंभ केला आणि ते कारखान्यांचे, कामगारांचे शहर बनले. शहराच्या दक्षिण भागात, बार्वन नदीपासून जवळच, लोकांना फिरण्या-खेळण्यासाठी राखून ठेवलेले जे उपवन, तेच कार्डिनिया पार्क.

तेथील मुख्य खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. आपल्याकडील फुटबॉलशी त्याचा संबंध जवळजवळ नावापुरताच आहे. चेंडू लांबट असतो. प्रत्येक बाजूस अठरा खेळाडू असतात. मैदान आयताकृती नसून अंड्याच्या आकाराचे असते आणि दोन्ही टोकांस चार-चार उंच खांब उभे असतात. चेंडू लाथेने मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. मैदान अंडाकृती का, याचे उत्तर क्रिकेटमध्ये आहे. 1858 साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने एका वृत्तपत्रास पत्र लिहून सुचविले की, क्रिकेटच्या खेळाडूंनी हिवाळ्यात आळसावून न जाता काही खेळ खेळावा. पुढल्याच वर्षी मेलबर्न येथे या खेळाचे नियम लिहून काढण्यात आले. तो खेळ प्रथमपासून क्रिकेटच्या मोकळ्या मैदानांवरच वाढला. दक्षिण गोलार्धात जून ते ऑगस्ट हा हिवाळा आणि डिसेंबर हा ऐन उन्हाळा, हे भूगोलाच्या तासाला आपण शिकतोच. तेव्हा हिवाळ्यात फुटबॉल व उन्हाळ्यात क्रिकेट अशी एकाच मैदानाची वाटणी निसर्गानेच करून दिली आहे.

जिलाँगचा फुटबॉल संघ 1859 सालच्या जुलै महिन्यात स्थापन झाला. जगातील अत्यंत जुन्या क्रीडासंघांत त्याची गणना होते. मात्र कार्डिनिया पार्क हे त्याचे आरंभीचे घर नव्हे. अनेक वर्षे तो संघ कोरायो ओव्हल नावाच्या दुसऱ्या मैदानावर खेळत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते मैदान लष्कराकडे गेले आणि 1941 साली संघ आपले बिऱ्हाड घेऊन कार्डिनिया पार्कवर आला. आगगाडीच्या व मोटारीच्या प्रवासावर युद्धकाळात निर्बंध आले होते. मेलबर्नच्या संघांना ट्रामने मैदान गाठता येई, जिलाँगला ते शक्य नव्हते. त्यामुळे 1942 आणि 1943 ही दोन वर्षे या संघाला स्पर्धेतून अंग काढून घ्यावे लागले. निर्वासितासारखा आलेला हा पाहुणा 1944 साली परतल्यावर मात्र कायमचा घरधनी झाला.

पुढे वैभवाचे दिवसही आले. रेज हिकी या शिक्षकाच्या हाताखाली संघाने 1951 व 1952 अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळविली. (येथे शिक्षक म्हणजे खेळाचा शिक्षक, आमच्या व्यवसायबंधूंनी उगाच हुरळून जाऊ नये.) 1952 ते 1953 या अवधीत संघाने सलग 23 सामने जिंकले. हा विक्रम आजही उभा आहे. 1952 साली कार्लटनविरुद्धच्या सामन्याला कार्डिनिया पार्कवर 49,109 प्रेक्षक जमले, आणि तेवढी गर्दी त्या मैदानाने पुन्हा पाहिली नाही. वाचकांस हे चमत्कारिक वाटेल, कारण आजचे मैदान त्या वेळेपेक्षा कितीतरी भव्य आहे. पण त्या काळी बहुतेक प्रेक्षक मैदानाभोवतीच्या गवताळ उतारांवर खांद्याला खांदा लावून उभे राहत. एक माणूस उभा राहतो तेवढ्या जागेत खुर्ची मावत नाही. पुढे उतार गेले, खुर्च्या आल्या आणि माणसे घटली.

1962 ते 1967 या काळात येथे ‘पॉली’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेला ग्रॅहम फार्मर खेळला. तो ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी समाजातील नूंगार लोकांपैकी होता. या खेळात चेंडू हाताने फेकता येत नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने टोलवावा लागतो. फार्मरच्या पूर्वी हा टोला अडचणीच्या वेळचा उपाय समजला जाई. त्याने त्याला चढाईचे शस्त्र बनविले. मोटारींच्या उघड्या खिडक्यांतून चेंडू पार करण्याचा तो सराव करी असे सांगतात. 1963 सालचे अजिंक्यपद त्याच्याच काळातले. त्यानंतर मात्र जिलाँगला 2007 सालापर्यंत, म्हणजे तब्बल 44 वर्षे, वाट पाहावी लागली.

या 44 वर्षांतच मैदानाच्या जीवावर बेतले होते. मेलबर्नमधील प्रत्येक उपनगराच्या संघाचे पूर्वी स्वतःचे मैदान असे. 1970 सालानंतर, आणि विशेषतः 2000 साली मेलबर्नच्या गोदीजवळ छत उघडमीट करणारे नवे क्रीडागृह बांधले गेल्यावर, सामने दोन-तीन मोठ्या मैदानांवर एकवटू लागले. मोठ्या मैदानावर तिकिटे अधिक खपतात, दूरचित्रवाणीची सोय होते, हिशेब जुळतो. कॉलिंगवुडने आपले व्हिक्टोरिया पार्क 1999 साली सोडले, कार्लटनने प्रिन्सेस पार्क 2005 साली. एकामागून एक ही जुनी मैदाने सरावापुरती उरली. जिलाँगच्या संघावरही त्या वेळी कर्जाचा डोंगर होता आणि त्याचे काही सामने मेलबर्नलाच होत. मेलबर्न तासाभराच्या अंतरावर. तेव्हा उरलेलेही तेथेच का खेळू नयेत, हा प्रश्न व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचा म्हणता येणार नाही.

पण अंतराचेच उत्तर जिलाँगच्या उपयोगी पडले. उपनगरातील माणूस ट्राममध्ये बसून नव्या मैदानावर जाईल. जिलाँग हे उपनगर नव्हे, ते स्वतंत्र शहर आहे, आणि शहराला स्वतःचे मैदान हवे. नगरपालिका, राज्य सरकार व केंद्र सरकार यांच्याकडून टप्प्याटप्प्याने पैसा मिळवून जुने सज्जे पाडण्यात आले व नवे उभारण्यात आले. निवडणुकांच्या हंगामात या मैदानाला आश्वासने बरी मिळतात, असेही तेथे विनोदाने बोलले जाते. आपल्याकडील वाचकांना हे वेगळे समजावून सांगणे नलगे. 2013 साली प्रकाशझोतांचे मनोरे उभे राहिले व रात्रीचे सामने सुरू झाले. 2016 साली व्हिक्टोरिया राज्याने खास कायदा करून मैदान एका विश्वस्त मंडळाकडे सोपविले. त्याच वर्षी ऑक्टोबरात फोर्डने तेथील मोटारनिर्मिती थांबविली. एका बाजूने पोटाचा आधार जात असताना दुसऱ्या बाजूने खेळाच्या मैदानावर पैसा ओतला जावा हे योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतो. आमचे मत असे की, कारखाना गेलेल्या शहराला एकत्र जमण्याची जागा अधिकच लागते; मात्र ज्याची नोकरी गेली त्याला हे मत पटेलच असे आम्ही म्हणणार नाही.

या सर्व खटपटीचे फळ खेळातही दिसले. 2007 पासून 2011 च्या ऑगस्टपर्यंत जिलाँगने येथे सलग 29 सामने जिंकले. मैदान सुमारे 170 मीटर लांब व 115 मीटर रुंद, म्हणजे इतरांच्या मानाने चिंचोळे आहे. त्याच्या कडा-कोपऱ्यांची सवय घरच्या खेळाडूंना असते आणि पाहुणे चाचपडतात. एक दुःख मात्र राहिले. मोसमाअखेरचे निर्णायक फेऱ्यांचे सामने जिलाँगने हक्क मिळवूनही बहुधा मेलबर्नलाच खेळविले जात. 2013 च्या सप्टेंबरात असा पहिला सामना अखेर कार्डिनिया पार्कवर झाला. सारे शहर लोटले. आणि पश्चिम किनाऱ्यावरून आलेल्या फ्रीमँटलने तो 15 गुणांनी जिंकून नेला!

2019 साली महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत जिलाँगच्या मुलींनी आपला पहिलाच सामना याच मैदानावर कॉलिंगवुडविरुद्ध अवघ्या एका गुणाने जिंकला. त्याच वर्षी वेस्टर्न युनायटेड नावाचा संघ येथे आपला, म्हणजे गोल चेंडूचा, फुटबॉल खेळू लागला.

आता क्रिकेटकडे वळू, कारण येथे आमच्या वाचकांचा धागा जुळतो. 19 फेब्रुवारी 2017 रोजी कार्डिनिया पार्कवर पुरुषांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, ऑस्ट्रेलिया विरुद्ध श्रीलंका, वीस षटकांचा. असेला गुणरत्नेने नाबाद 84 धावा करून अखेरच्या चेंडूवर श्रीलंकेला विजय मिळवून दिला. ऑस्ट्रेलियाचे स्मिथ, वॉर्नर आदी नामांकित खेळाडू त्या दिवशी कोठे होते? ते मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर सराव सामन्यात गुंतले होते, आणि चारच दिवसांनी पुण्याजवळच्या गहुंजे येथे त्यांची कसोटी सुरू झाली. ती त्यांनी 333 धावांनी जिंकली, हे आठवून आजही वाईट वाटते. आणखी एक योगायोग आम्हां गोमंतकीयांना विशेष वाटेल : मडगावच्या फातोर्डा क्रीडांगणावर 1989 च्या ऑक्टोबरात नेहरू चषकाचा जो पहिला एकदिवसीय सामना झाला, तोही ऑस्ट्रेलिया व श्रीलंका यांच्यातच. फातोर्डाही त्या काळी फुटबॉल आणि क्रिकेट दोहोंचे मैदान होते.

2022 साली वीस षटकांच्या विश्वचषकाचा प्रारंभही कार्डिनिया पार्कवर झाला. पहिल्याच दिवशी, 16 ऑक्टोबरला, नामिबियासारख्या छोट्या राष्ट्राने आशियाई विजेत्या श्रीलंकेला 55 धावांनी लोळविले. या स्पर्धेत मैदानाचे नाव ‘कार्डिनिया पार्क’ असेच छापले गेले. यात विशेष काय, असे कोणी विचारील. गेल्या पाव शतकात पैसे देणाऱ्या कंपन्यांनुसार या मैदानाची शेल, स्किल्ड, सायमंड्स, जीएमएचबीए अशी बारशी होत आली आहेत. जागतिक स्पर्धेत मात्र अशी नावे चालत नाहीत. म्हणून काही दिवस तरी जुने नाव अधिकृत झाले. जिलाँगचे वृद्ध लोक ते कधी विसरलेच नव्हते.

एकाच मातीत दोन खेळ नांदविणे किती कठीण आहे, हे 10 डिसेंबर 2023 रोजी दिसून आले. आदल्या रात्री पाऊस पडला व आच्छादनातून पाणी झिरपून खेळपट्टीचा काही भाग ओला राहिला. ओल्या मातीवर टप्पा पडला की चेंडू कधी अचानक उसळतो, कधी खाली राहतो. मेलबर्न रेनेगेड्स व पर्थ स्कॉर्चर्स यांचा सामना सात षटकेही पूर्ण होण्याआधी पंचांनी, फलंदाजांच्या जीविताची काळजी घेऊन, रद्द केला. हजारो मुले हिरमुसून घरी परतली. मैदानाच्या उत्तर बाजूस तेव्हा नवा सज्जा जवळजवळ पुरा होत आला होता. त्याला जोएल सेलवुड या 2022 च्या विजेत्या कर्णधाराचे नाव दिले असून त्यामुळे मैदानात 40,000 लोकांची सोय झाली आहे. दुसऱ्या एका सज्जास चार्ल्स ब्राउनलो याचे नाव आहे. हा जिलाँगचाच जुना खेळाडू व चिटणीस, आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूस 1924 पासून दिले जाणारे पदक त्याच्याच नावाचे.

एवढे बांधकाम होऊनही उपवन सर्वस्वी गिळले गेलेले नाही. भिंतीपलीकडे पोहण्याचा सार्वजनिक तलाव आहे, मुलींच्या नेटबॉलची मैदाने आहेत, वृद्धांचे मंडळ आहे. आणि सामना नसेल त्या दिवशी झाडांखालून कुत्र्यांना फिरविणारी माणसे नेहमीप्रमाणे जा-ये करीत असतात.