सरासरी बरोबर, तरीही घोटाळा!

अमेरिकेत नेमबाजीचा छंद असणारे अनेकजण झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या टाकून देत नाहीत. नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून ते घरीच काडतूस पुन्हा भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा शस्त्र अधिनियम, 1959 नुसार गुन्हा आहे. परंतु या छंदातला एक प्रश्न आपल्या वर्गात विचारण्याजोगा आहे. प्रत्येक पुंगळीत सारखीच दारू पडली, हे ओळखायचे कसे?

ही दारू ग्रेनमध्ये मोजतात. 7000 ग्रेन म्हणजे एक पौंड. एक ग्रेन सुमारे 65 मिलिग्रॅम भरतो, म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या जवळजवळ निम्मा. पिस्तुलाच्या काडतुसाला असे मोजकेच ग्रेन पुरतात. दरवेळी वजन करणे वेळखाऊ असल्याने ठरावीक आकाराची खाच भरून दारू मापतात. येथे आकारमान सारखे राहते, पण वस्तुमान सारखे राहीलच असे नाही. कण चपटे असले, मापाला धक्का बसला, तर खाचेत दारू कमीअधिक दाटीने बसते.

मग दहा मापे एकत्र तोलून दहाने भागले तर? सरासरी चांगली कळते. काट्याच्या वाचनातली चूकही दहांत विभागली जाते. पण समजा, माप 5 ग्रेनचे आहे. एका पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली आणि दुसरी रिकामी राहिली. एकूण वजन 50 ग्रेन, सरासरी 5 ग्रेन. हिशेब अगदी चोख! प्रत्यक्षात मात्र दुप्पट दारूने दाब बेसुमार वाढून बंदूक फुटू शकते. रिकाम्या पुंगळीची गोळी केवळ टोपीच्या जोराने नळीत शिरून अडकते आणि पुढची गोळी झाडताच नळी फाटण्याचा धोका असतो.

म्हणून जाणकार भरणारे आधी प्रमाणित वजनाने काटा तपासतात, अधूनमधून सुटे माप तोलतात आणि गोळी बसवण्यापूर्वी सर्व पुंगळ्या ओळीने उभ्या करून विजेरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावतात.

वर्गात हा प्रयोग दारूशिवाय करता येतो. बाटलीचे झाकण मोहरीने भरा, पट्टीने सपाट करा आणि तोला. असे दहा वेळा करून दहाही वजने लिहा. सरासरी काढा, सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान वजनातला फरकही काढा. मग मोहरीऐवजी पोहे घ्या. पुढे झाकण टिचकी मारून भरा. कोणता फरक वाढला, कोणता घटला आणि का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.

औषधाच्या गोळ्या असोत की परीक्षेतले गुण, सरासरी आपल्याला मध्य सांगते. विखुरणे सांगत नाही. धोका बहुधा त्या विखुरण्यातच दडलेला असतो.