वणव्याचं बिल कुणाच्या नावावर?

तळेगाव दाभाडेत एकेकाळी लोकवर्गणीतून आग पेटली होती, आणि तीही अभिमानाने. १९०८ मध्ये इथे सुरू झालेल्या काच कारखान्याची भट्टी पैसा फंडाच्या जोरावर धगधगली. माणशी वर्षाला एक पैसा, कल्पना अंताजी दामोदर काळे यांची, पाठबळ टिळकांचं. आज याच तळेगावभोवतीच्या डोंगरांवर सरकारी पैसा खर्च होतो तो आग लागू नये म्हणून. तो येतो कुठून आणि जातो कुठे, हे पाहायला गेलं की बऱ्याच गमती हाती लागतात.

पहिली गंमत अशी, की वणव्यालाही हंगाम असतो. वन विभागाच्या लेखी तो १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधीची मोठी तयारी म्हणजे जाळरेषा. डोंगरावर ठरावीक रुंदीचा पट्टा आखायचा, त्यातलं वाळलेलं गवत कापायचं आणि वनरक्षकांच्या देखरेखीत ते स्वतःच जाळून टाकायचं. पुढे खरा वणवा धावत आला की या पट्ट्यापाशी उपाशी पडतो. म्हणजे सरकार पैसे देऊन आग लावतं, आणि ते अगदी योग्य आहे! हल्ली पालापाचोळा उडवायला ब्लोअर आले आहेत. पण चढणीवर ते यंत्र पाठीला लावून फिरायला माणूसच लागतो, आणि वणवा भडकलाच तर ओल्या फांद्यांनी झोडपायलाही माणूसच. अग्निशमन बंब बिचारा पायथ्याशी उभा राहतो.

जंगल राखण्याला बक्षीसही आहे, आणि त्याचं नाव ऐकून देहूकर खूश होतील. गावाने जंगल वणवा, चोरटी तोड आणि अतिक्रमणापासून राखलं, तर संयुक्त वनव्यवस्थापन समितीला मिळतो तो संत तुकाराम वनग्राम योजनेचा पुरस्कार. योजना २००६-०७ पासूनची. जिल्ह्यात पहिल्या क्रमांकाला ५१ हजार, राज्यात पहिल्याला १० लाख रुपये. तुकोबा ज्या भंडारा आणि घोराडेश्वरच्या डोंगरांवर एकांतात बसत, ते तळेगावहून हाकेच्या अंतरावर आहेत आणि उन्हाळ्यात त्यांचंही गवत काडीला टेकलेलं असतं. बाकी ५१ हजार म्हणजे चाकणच्या एखाद्या कंपनीच्या स्नेहमेळाव्याचा मंडपखर्चही नसावा.

आता मोठी रक्कम. केंद्राची वणवा प्रतिबंध व व्यवस्थापन योजना २०१७-१८ पासून आहे. त्यात महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. हिमालयातल्या आणि ईशान्येच्या राज्यांना मात्र ९०:१० अशी सवलत. आपत्ती निवारणाच्या निधीतूनही केंद्राने १९ राज्यांतल्या १४४ जिल्ह्यांसाठी ८१८.९२ कोटींची योजना मंजूर केली आहे. भागाकार केला तर जिल्ह्यामागे साडेपाच कोटींहून थोडे जास्त.

सगळ्यांत विचित्र खातं ‘कॅम्पा’चं. रस्ता, धरण किंवा कारखाना यांसाठी वनजमीन गेली, की त्या जंगलाची किंमत भरावी लागते. २०१६ च्या कायद्यानुसार त्या पैशांतून उरलेल्या जंगलाचं वणव्यापासून रक्षणही करता येतं. थोडक्यात, अर्धं रान विकून उरलेल्या अर्ध्याला राखणदार ठेवायचा. औद्योगिक पट्ट्याशेजारी राहणाऱ्यांना हा व्यवहार समजावून सांगायची गरज नाही.

आकाशातूनही पहारा आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने आगीची ठिकाणं राज्यांना कळवते. आताचा एक संवेदक ३७५ मीटरच्या चौकटीपर्यंत जागा दाखवतो. नोंदणी केली तर तुमच्याही मोबाइलवर इशारा येतो, फुकट. अडचण एवढीच की उपग्रह आपल्या वेळेला डोक्यावरून जातो आणि बिडीचं थोटूक त्याच्या वेळापत्रकाने पडत नाही.

मावळात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. शेण, पाला, काटक्या पसरून जमीन भाजायची जुनी रीत. वारा फिरला की ठिणगी बांध ओलांडते. ज्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने इंद्रायणी तांदूळ दिला, त्याच तालुक्यातली ही गोष्ट. घाटाखाली नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राइस तंत्रात रोपवाटिकाच नाही, त्यामुळे राबही नाही. अशा शेतीला दिलेलं प्रोत्साहन खरं तर वणव्याच्या खर्चात धरायला हवं.

इतरांच्या युक्त्या बघा. कॅलिफोर्नियात वाळलेलं झुडूप-गवत संपवायला सरकारी पैशाने शेळ्या भाड्याने घेतात. आपल्याकडे शेळी रोपवनात शिरली की दंड. उत्तराखंडने २०२४ मध्ये चीडाची वाळलेली पानं गोळा करणाऱ्याला किलोमागे ५० रुपये जाहीर केले.

माझी तक्रार वेगळीच आहे. जुलैत आपल्या टेकड्यांवर कंपन्यांचे टी-शर्ट घातलेले लोक रोपं लावतात, फोटो निघतात, फलक लागतो. मार्चमध्ये त्याच रोपांवरून वणवा जातो आणि पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपं. अशी रोपं लावण्याला निधी आहे, ती राखण्याला नाही. रोपाच्या खर्चातच पुढच्या तीन उन्हाळ्यांची जाळरेषा आणि गावातल्याच दोन राखणदारांची मजुरी धरल्याशिवाय लागवडीला परवानगीच देऊ नये. आणि ती मजुरी जानेवारीत हातात पडावी. राख थंड झाल्यावर आलेला निधी पंचनाम्यापुरताच.

कायदाही विसरू नका. भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ राखीव वनात आग लावणं गुन्हा ठरवतं, आणि कलम ७९ नुसार जंगलावर हक्क असणाऱ्यांनी आगीची खबर देणं आणि विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. तुमचा जंगलावर हक्क नसला तरी फोन आहेच. डोंगरावर धूर दिसला तर व्हिडिओ काढण्याआधी वन विभागाचा १९२६ हा नंबर फिरवा.