पांझरेकाठच्या वखारी

लाकडाची वखार, म्हणजे ओंडके साठवून, चिरून विकण्याची जागा, हा खानदेशात प्रामुख्याने कुटुंबांचा धंदा राहिला, आणि त्याचे कारण भांडवलाइतकेच नजरेच्या शिक्षणात शोधावे लागते. इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने 1819 मध्ये पांझरेच्या काठी नव्या धुळ्याची पेठ आखली. पश्चिमेला डांगचे सागवान आणि उत्तरेला सातपुडा असल्याने या पेठेला लाकूड दूरचे नव्हते. एकोणिसाव्या शतकात डांगचा कारभार खानदेशच्या कलेक्टरकडे होता, कारण तेथील साग इंग्रजांना जहाजबांधणीसाठी हवा होता. 1900 मध्ये चाळीसगाव-धुळे रेल्वे झाली. पुढे यंत्रकरवतीच्या काळात, महाराष्ट्रातील अनेक शहरांप्रमाणे, कच्छी पटेल कुटुंबांनी या व्यवसायात जम बसवला.

वखारीतील शिक्षण मापापासून सुरू होते. ओंडक्याच्या मध्यावरची गोलाई फुटांत मोजून तिला चाराने भागतात, भागाकाराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणतात आणि येईल तो आकडा घनफूट मानतात. चार फूट गोलाईचा, दहा फूट लांबीचा ओंडका या रीतीने दहा घनफूट भरतो, भूमितीने मात्र त्यात पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड असते. हा फरक म्हणजे कडेच्या फळ्या आणि भुसा यांत जाणारी घट आधीच वजा करण्याची व्यापाऱ्यांची जुनी, विलक्षण हुशार तोड आहे.

प्रत्यक्ष घट किती होईल, हे मात्र पट्टा करवत ठरवते. दोन मोठ्या चाकांवरून फिरणारा हा पोलादी पट्टा घर्षणाने तापला की त्याची दातांकडची कड लांबते, सैल पडते आणि काप नागमोडी जातो; म्हणून धार लावणारा कारागीर पट्ट्याचा मधला भाग दाबून किंचित ताणून ठेवतो, म्हणजे तापल्यावरही कडा घट्ट राहतात. सरळ पट्टी आडवी धरून, फटीतून येणाऱ्या उजेडावरून तो हा ताण पारखतो. देशातील अत्यंत जड लाकडांत गणले जाणारे सातपुड्यातील अंजन पुढ्यात आले की दात लवकर बोथटतात. गाभ्याकडून सालीकडे, वाढीच्या वर्तुळांना छेदून काढलेली फळी कमी आकसते, आणि पारा 45 अंशांपर्यंत चढणाऱ्या जळगाव-धुळ्यात दाराची फळी वाकेल की टिकेल, हे ओंडका करवतीकडे नेणाऱ्या गाडीवर कोणत्या कुशीवर बसवला यावर बरेचसे ठरते. हे ज्ञान वहीत उतरत नाही. ते मुलगा बापाशेजारी उभा राहून घेतो.

1996 पासून चित्र पालटले. वनसंरक्षणाविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी 12 डिसेंबरला जंगलतोडीवर आणि वनक्षेत्रातील आरा गिरण्यांवर, म्हणजे लाकूड चिरणाऱ्या गिरण्यांवर, कठोर निर्बंध घातले, तर 2002 मध्ये आपण नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीवाचून नवी आरा गिरणी काढू देण्यास राज्यांना मनाई केली. जंगलांसाठी हे आवश्यकच होते. मात्र त्यातून परवाना ही कुटुंबाची अविभाज्य मालमत्ता बनली: घर आणि जागा भावांत वाटता येते, पण वाटणीनंतर दुसऱ्या भावाला सहजासहजी नवी गिरणी मिळत नाही.

माल आता मोठ्या प्रमाणात परदेशी, कांडला बंदरातून येतो. म्यानमारने 2014 मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर इतर देशांतील लागवडीच्या सागावरची भिस्त वाढली. बांधावर साग लावणाऱ्या खानदेशी शेतकऱ्याचा माल जवळ असला, तरी तो लवकर तोडला की गोलाई भरत नाही. गोलाई निम्मी झाली की तेवढ्याच लांबीचे माप चौथाईवर येते, पांढरे कच्चे लाकूड प्रमाणाने वाढते, आणि तेवढ्याच घनफुटांसाठी चारपट ओंडके गाडीवर चढवावे लागतात.