घरातली हिरवळ, भाग ४ : नळ आला म्हणून कुंडीत पाणी नको

जालन्यात फ्लॅटमधलं पहिलंवहिलं झाड गेलं की दोष उन्हाळ्याला मिळतो. पारा चाळिशीपार जातो, २०१२-१३चा दुष्काळ अजून कुणी विसरलेलं नाही. त्यामुळे झाड तहानेनं गेलं असं वाटणं साहजिकच आहे. पण ते कुंडीतून उपटून पाहावं. तहानेनं मेलेल्या झाडाची मुळं कोरडी, ठिसूळ असतात. घरात मेलेल्या झाडांची मुळं मात्र बहुधा काळपट, लिबलिबीत निघतात, बोटांत सुटून येतात आणि त्यांना कुबट वास येतो. टंचाईच्या गावात झाडं जास्त पाण्यानं मरतात, आणि माझ्या मते त्याचं कारणही टंचाईच आहे. घाणेवाडीचा तलाव आहे, जायकवाडीचं पाणी पैठणहून आलं आहे, तरी नळ रोज येत नाही. तो आला की पिंपं धुऊन भरायची, आणि आधीचं शिळं पाणी फेकवत नाही म्हणून सगळ्या कुंड्यांत ओतायचं. पाणी वाया जाऊ नये ही तळमळ रास्त आहे. पण त्यामुळे झाडाला पाणी मिळतं ते नळाच्या सोयीनं, मातीचा ओलावा पाहून नाही.

त्यात भर पडते मातीची. गावाकडून पिशवीभर काळी माती आणून कुंडी भरणं ही आपल्याकडची सर्रास पद्धत. ‘याच मातीत कापूस येतो, मोसंबी येते, मग कुंडीत का नको?’ असं कुणीही विचारेल. उत्तर मोसंबीच्या बागायतदारालाच ठाऊक आहे. पाणी साचलं की खोडातून डिंक गळायला लागतो, म्हणून तो निचऱ्याची जमीन निवडतो आणि बुंध्याला पाणी लागू नये यासाठी दुहेरी बांगडी पद्धतीनं आळं करतो. शेतात पाणी खोल मुरायला जागा असते, ऊन-वारा असतो. वीतभर कुंडीत ही चिकण माती ओली झाली की फुगते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. म्हणून काळी माती तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. उरलेल्यात जाडसर वाळू आणि कुजलेलं शेणखत घालावं.

नवख्यानं झाडही असं निवडावं की जे स्वतःचं पाणी स्वतः साठवतं. स्नेक प्लांट पानांत पाणी धरतो आणि पर्णरंध्रं मुख्यतः रात्री उघडतो, त्यामुळे दिवसाच्या उन्हात त्याचं पाणी फारसं उडत नाही. पूर्व आफ्रिकेतल्या झीझी प्लांटच्या मातीखाली बटाट्यासारख्या गाठी असतात. मनी प्लांटचा साठा तेवढा नसतो, पण त्याची पानं मलूल होऊन वेळेवर सांगतात. मात्र मलूल पान दिसलं की लगेच तांब्या उचलू नये, कारण मुळं कुजली तरी पानं तशीच माना टाकतात. आधी बोट दोन पेरं मातीत घालावं. ओल लागली तर थांबावं.

टंचाईत झाडांचे लाड कशाला, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. पण मध्यम कुंडीतल्या स्नेक प्लांटला दोन-तीन आठवड्यांतून एकदा अर्धा-एक लिटर पाणी पुरतं, तेही भाज्या-डाळी धुतलेलं, बिनमिठाचं. ‘हवा शुद्ध करतात म्हणून ठेवा’ हा युक्तिवाद मात्र मी करणार नाही. १९८९च्या ‘नासा’च्या अभ्यासातले प्रयोग बंद पेट्यांमधले होते. २०१९मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा खिडकी उघडण्याइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असं दिसलं. झाड डोळ्यांना बरं वाटतं, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

कूलरच्या खोलीत माती सावकाश वाळते, तिथे पाण्याचं अंतर आणखी वाढवावं. आणि रांगतं मूल किंवा मांजर घरात असेल तर मनी प्लांट आणि झीझी उंचावर ठेवावेत. त्यांच्या पानांतल्या ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंडाची आग होते.